गुलाब परका कधी झाला?



14 फेब्रुवारी जवळ आला की आमच्या भाच्याचा मेसेज ठरलेला : "गुलाब देणे ही आपली संस्कृती नव्हे." यंदाही आला. दरवेळी मी सोडून देतो, यंदा नाही सोडणार.

अरे बाबा, तुझ्याच लग्नात दारात उभा राहून पाहुण्यांवर गुलाबदाणीतून पाणी कोण शिंपडत होतं? मीच ना! गुलाब हा शब्दच मुळी फारसी. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. तिकडे गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण पाण्याचं नाव फुलालाच देऊन टाकलं. आमचा परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, वडिलांची शाळा उर्दूत झालेली, म्हणून हे घरातच कानावर पडलं. इथे फेब्रुवारीतच तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. सगळ्या जातिधर्माची माणसं फुलं घेऊन जातात. तेव्हा कुणी कुणाला अडवत नाही.

व्हॅलेंटाइनचा दिवस बाहेरून आला, कबूल. मिरचीही पोर्तुगीजांबरोबरच आली, पण ठेच्याला परका म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे! आणि तिकडे मावळातले शेतकरी याच दिवसासाठी पॉलीहाऊसमध्ये लाल गुलाब काढतात, परदेशी पाठवतात. म्हणजे गुलाब इथून तिकडे जातो. आता बोला.

असो. एवढं तावातावाने लिहितोय, कारण मीही एकेकाळी भाच्याच्याच पंथातला. नोकरीत असताना दहावीच्या एका मुलाच्या वहीत गुलाब सापडला. भर वर्गात मी तो चुरगाळून टाकला, वर संस्कृतीवर भाषण. कुणासाठी आणलास, नाव सांग, म्हणून छडी उगारली. पोराने मान खाली घातली, पण नाव सांगितलं नाही. पुढे आठवडाभर तो शाळेत फिरकला नाही. घरी येऊन हे मी मोठ्या तोऱ्यात हिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पोरीचं नाव झाकलं ना त्यानं? मग ते लेकरू तुमच्यापेक्षा शहाणं."

त्या मुलाची माफी मागायची राहून गेली.

गेल्या वर्षी मीच बाजारातून लांब दांड्याचा एक गुलाब आणला. लग्नानंतर पहिल्यांदाच! हिने हुंगून पाहिला. "वासच नाही हो याला," म्हणाली. तेही खरंच, आमच्या अंगणात तेलाच्या डब्यात लावलेल्या गावरान गुलाबाचा गुलकंद खाल्लेली ती. पण पाकळ्या गळेपर्यंत रोज सकाळी तांब्यातलं पाणी बदलत होती.