लढाईवर गेलेले पणजोबा

सर्वपित्री अमावास्येचे पान कुणासाठी? ज्यांची तिथी घरात कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत अशा पानामागे एकच वाक्य ऐकू येते : ‘ते लढाईवर गेले, ते परत आलेच नाहीत.’ लढाई म्हणजे 1914 ची. मागे राहिलेल्या बाईने कुंकू लावायचे की पुसायचे, एवढेही तिला कुणी धड सांगितले नाही. बारा वर्षे वाट पाहावी, असा रिवाज. तिने ती पाहिली.

आता तिची पणतवंडे मुंबई-पुण्याला ब्लॉकमध्ये राहतात आणि शाळेच्या वहीत वंशवृक्ष काढताना विचारतात, “हे पणजोबा गेले कुठे?” या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर मिळू शकते, बरे का!

शोध घरापासूनच सुरू करावा. जुन्या ट्रंकेत एखादा बिल्ला असेल, तर तो घासूनपुसून लख्ख करायची घाई करू नका. भिंग घेऊन त्याची कड पाहा. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. पलटणीचा आकडा जसाच्या तसा उतरवून घ्या. 1922 साली हे आकडे बदलले, त्यामुळे जुना शिपाई नव्या आकड्याखाली सापडायचा नाही.

मग गाव गाठावे. चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत कधी कधी एक संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके गेले, इतके कामास आले. पाटीवर नाव नसते, फक्त आकडा असतो. नावासाठी तलाठ्याचे दप्तर पाहावे लागते. माणूस परमुलखात मेला, तर गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत तो सहसा नसतो. पण जमीन वारसांच्या नावे झाली असेल, तर जुन्या फेरफारात तो भेटतो. नोंद मोडीत असली, तर जाणकार गाठावा.

तिसरे ठिकाण युद्धात पडलेल्यांच्या कबरींची निगा राखणाऱ्या कमिशनचे. 1917 साली स्थापन झालेल्या या संस्थेची यादी आज घरबसल्या संगणकावर पाहता येते. साहेबाने नाव कानाला आले तसे लिहिलेले, तेव्हा स्पेलिंग चार तऱ्हांनी करून पाहावे. मात्र नाव जुळले म्हणून लगेच पेढे वाटू नयेत. एकाच नावाचे शिपाई अनेक असत. कित्येक नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. तो जुळला, म्हणजे माणूस आपला.

मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या. कूत-अल-अमारा येथे 7 डिसेंबर 1915 पासून तुर्कांचा वेढा पडला, आणि 29 एप्रिल 1916 रोजी उपाशी फौजेने शरणागती पत्करली. त्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणींचे लोक होते. पुष्कळजण नंतर कैदेत गेले ते गेलेच. ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. पण त्यावर गोऱ्या सोल्जराचे नाव कोरले, आपल्या साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली. त्यांची नावे वहीत राहिली. अशा दुजाभावाबद्दल कमिशनने जाहीर माफी मागितली ती 2021 साली!

दगडाने गाळलेले नाव वहीत सापडले, तर नुसते कौतुक करून थांबू नका. नोंदीत मृत्यूची तारीख असते. तारखेवरून जुन्या पंचांगात तिथी मिळते. ती घरच्या वहीत मुलांच्या हाताने लिहून घ्या. पुढच्या पितृपक्षात पणजोबांना अमावास्येची वाट पाहावी लागणार नाही. त्यांचे पान त्यांच्या तिथीला मांडता येईल. आणि त्यांच्या शेजारी, बारा वर्षे वाट पाहिलेल्या त्या बाईचेही नाव लिहायला विसरू नका. वंशावळींतून बायकांची नावे तर दरवेळीच गळतात!