टॅब देणाऱ्याने अपडेटचीही हमी द्यावी

जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना 'महाज्योती' ही राज्य सरकारची संस्था मोफत टॅब आणि रोजचा सहा जीबी डेटा देते. नामांकित क्लासेससाठी नागपूर गाठावे लागणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण त्याच टॅबवर 'अपडेट उपलब्ध आहे' अशी सूचना झळकली की चारचौघांचा सल्ला ठरलेला असतो: चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? हा सल्ला अनुभवातून आलेला आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. तरीही तो चुकीचा आहे. अपडेट करायलाच हवे. मात्र ते नीट पार पडावे याची जबाबदारी सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर टाकून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही.

अपडेट टाळण्याची किंमत जगाने मे २०१७ मध्ये मोजली. 'वॉनाक्राय' हल्ल्यात सुमारे दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद झाले, ब्रिटनच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीतून हा हल्ला झाला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ते प्रकरण संगणकांचे होते, पण त्यातले तत्त्व टॅबलाही लागू पडते. दुरुस्ती जाहीर झाली की भगदाड कुठे होते हेही जगजाहीर होते, आणि ती न बसवलेले यंत्र पूर्वीपेक्षा जास्त धोक्यात येते. शिवाय विद्यार्थ्याचा टॅब एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. त्यावरच वडिलांची ई-पीक पाहणी होते, आईच्या योजनेची ई-केवायसी होते, बँकेचे ॲपही येऊन बसते. सेटिंग्जमध्ये 'अबाउट टॅबलेट'खाली 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख दिसते. ती वर्षभर जुनी असेल, तर वर्षभरातल्या दुरुस्त्या त्या यंत्रापर्यंत पोहोचलेल्याच नाहीत. अर्थात, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल स्वतःच्या हाताने बसवणाऱ्याला कोणतेही अपडेट पुरते वाचवू शकत नाही. म्हणून अपडेट घ्यायचे ते सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून, कुणी पाठवलेल्या लिंकवरून कधीच नाही.

अपडेटने यंत्र मंदावते, बिघडते, हा आक्षेप निराधार नाही. जुन्या आयफोनचा वेग अपडेटद्वारे कमी केल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. जुलै २०२४ मध्ये 'क्राउडस्ट्राइक' या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. महाराष्ट्रातला धडा तर आणखी जवळचा आहे. २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना दोन जीबी रॅमचे मोबाइल मिळाले आणि मार्च २०२१ पासून त्यांवर 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले. फोन अडकू लागले, तापू लागले. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी राज्यभर ते सरकारला परत करण्याचे आंदोलन छेडले. यातून 'नवे काही घेऊच नका' असा निष्कर्ष निघत नाही. उद्याचे सॉफ्टवेअर पेलेल असे यंत्र आज घेतले गेले नाही, हे त्यातून दिसते. छोटी सुरक्षा-दुरुस्ती लगेच बसवावी. संपूर्ण अँड्रॉइड आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट मात्र काही दिवस थांबून, नोट्सची प्रत दुसरीकडे ठेवून आणि परीक्षा तोंडावर नसताना करावे.

दुसरा आक्षेप रेंजचा. सहा जीबी डेटा कागदावर पुरेसा आहे. भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीच्या आतल्या गावांत तो उतरवून घ्यायला सिग्नल आणि चार्जिंगला वीज हवी. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्यावर तर विषयच संपतो. म्हणूनच हे काम एकेकट्याच्या नशिबावर सोडू नये. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर तालुक्याच्या ठिकाणी, एखाद्या महाविद्यालयाच्या वायफायवर टॅब-शिबिर भरवता येईल. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही, एक जाणता माणूस आणि पुरेसे चार्जिंग पॉइंट लागतात.

पण मूळ दुरुस्ती खरेदीच्या वेळीच व्हायला हवी. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोन-टॅबसाठी नियम लागू झाला आहे: मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट मिळाली पाहिजेत. अशी अट घातली तर टॅब महागतील आणि कमी मुलांना मिळतील, असे कुणी म्हणेल. पण दोन वर्षांत निकामी होणारा टॅब स्वस्त कसा? कंपनीचे अपडेट किती वर्षे मिळणार आणि ते बसवण्यासाठी मदत कोण करणार, या दोन गोष्टी पुढच्या निविदेत लिहिल्या गेल्या पाहिजेत. तोवर 'अपडेट करा' हा विद्यार्थ्यांना दिलेला उपदेश बरोबर असला, तरी अर्धाच राहील.