चपलेतला खडा

मागच्या वीकेंडला एका फर्निचर शोरूमचा कॅटलॉग लिहीत होते. क्लायंट लकडगंजचा, म्हणजे नावातच लाकूड! इंग्लिशमध्ये एकदम पॉश लाइन टाकली, 'स्क्रुप्युलसली सिलेक्टेड सॉलिड टीक'. काटेकोरपणे निवडलेलं अस्सल सागवान. वाचायला कसलं सॉलिड वाटतं ना?

मग फोटो चेक करायला वर्कशॉपमध्ये गेले. शेजारी आरा मशीनची घरघर, केसांत भुसा. मिस्त्रीकाका म्हणाले, "काय लिहून राहिल्या ताई? याले सॉलिड कोन म्हनते जी?" आणि कपाटाची उघडी कड दाखवली. आत प्लाय, वरून सागाचं पातळ विनियर.

घरी येऊन डिक्शनरी उघडली. (मास कॉमची खोड, दुसरं काय!) 'स्क्रुपल' हा शब्द लॅटिनमधला. मूळ अर्थ, छोटा टोकदार खडा. सिसेरोनं तो मनातल्या टोचणीसाठी वापरला. चपलेत खडा गेला की होतं ना, तसंच. जुन्या इंग्लिश औषधवाल्यांकडे स्क्रुपल हे वजनही होतं, 20 ग्रेनचं. आपला जुना तोळा 180 ग्रेनचा. म्हणजे एका तोळ्यात बरोब्बर 9 स्क्रुपल!

पण आजच्या इंग्लिशमध्ये स्क्रुपल्स भेटतात ते बहुतेक नसतानाच. 'ही हॅज नो स्क्रुपल्स.' अमक्याकडे भरपूर स्क्रुपल्स आहेत, असं कौतुकानं सहसा कुणी म्हणत नाही. आपल्या 'विधिनिषेधा'चंही तेच. 'त्याला कसलाच विधिनिषेध नाही' हे रोज ऐकतो. ज्याला आहे, त्याचं कुणी नावही काढत नाही. 'स्क्रुप्युलस' मात्र त्याच घरातला, कडक इस्त्री करून ऑफिसला जाणारा. काटेकोर, चोख, टापटीप. खडा कधीच झटकून टाकलेला. म्हणून तर मी तो बिनधास्त ठोकून दिला.

सोमवारी मालकांना फोन केला. 'सॉलिड' काढून 'टीक विनियर' लिहू का?

"मॅडम, सगळेच लिहितात. कस्टमर काय कापून बघणार आहे?"

चेक त्यांच्याकडे, माझं घरभाडं पाच तारखेला. 'स्क्रुप्युलसली' मी गुपचूप खोडलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही. गाडी अडलीय ती 'सॉलिड'वर. आज तीन तारीख. 'फायनल 3' नावाची फाइल अजून माझ्या डेस्कटॉपवरच आहे.