ती १० मिनिटं

राजेहो, दहावी-बारावीचा पेपर पूर्वी १० मिनिटं आधी हातात मिळे, वाचायला. मोबाईलवर पेपर फिरल्याच्या अफवा नकोत म्हणून बोर्डाने २०२३ पासून ते बंद केलं. आता ती १० मिनिटं शेवटी मिळतात. भानगडी कोणाच्या, भोगतं कोण!

दरवर्षी केंद्राबाहेर बातमीसाठी उभा असतो. पोट्टे एकच सांगतात, "भाऊ, येत होतं, पण राहून गेलं." आधी पूर्ण पेपर वाचायचा, सोपं आधी सोडवायचं, दोन मार्कांसाठी पानभर लिहायचं नाही, हे शाळेत कोणत्या तासाला शिकवतात? सराव परीक्षा होते, मार्क चढतात, गठ्ठा कपाटात. शहरातली पोरं क्लासला पैसे भरून हे शिकतात. आर्वी-कारंजाच्या खेड्यातल्यानं कुठं जावं?

हाताने काम करत शिका, हे सांगणारी नई तालीमची परिषद १९३७ मध्ये याच वर्ध्यात झाली. पेपर सोडवणं हेही हाताचंच काम आहे ना? कॉपीमुक्तीच्या फलकासमोर फोटो काढणाऱ्या संस्थाचालकांनो, जानेवारीत आठवडाभर घड्याळ लावून पेपर सोडवून घ्या. तपासलेली उत्तरपत्रिका पोराला समोर बसवून दाखवा. जी शाळा करेल तिनं फोन करावा, बातमी मी लावतो.