बॅटरी संपली, ऑस्प्रे आला!

सकाळचे पावणेनऊ. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये इंजिन बंद करून आमची होडी उभी. समोर पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या बाभळीवर ऑस्प्रे बसलेला. पंजात अर्धी खाल्लेली चिलापी. आमच्यात आणि त्याच्यात फार तर पन्नास पावलांचं पाणी. नावाडीदादा कुजबुजले, ‘काका, घ्या, घ्या! असा रोज बसत न्हाई.’ बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, झूमचं बटण दाबलं, लेन्स बाहेर आली... आणि स्क्रीनवर एक ओळ झळकली. बॅटरी संपली आहे.

लेन्स गुपचूप आत गेली. ऑस्प्रेनं चिलापीचा उरलेला भाग निवांत संपवला. घाई आम्हाला होती, त्याला नव्हती. बाबा म्हणाले, ‘असू दे गं, डोळ्यांनी तर बघितला ना.’ मंडळी, बाबांचं ‘असू दे’ ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, याहून ओरडले असते तर बरं झालं असतं!

थोडी पार्श्वभूमी. बाबा जूनमध्ये रिटायर झाले. पस्तीस वर्षं नोकरी, छंद म्हणाल तर सकाळी गॅलरीत चहा पीत समोरच्या उंबरावरचे पक्षी मोजणं. फ्रीलान्सरच्या खिशाला परवडेल असं गिफ्ट म्हणून मी त्यांना सेकंडहँड निकॉन कूलपिक्स पी९०० घेऊन दिला. हे मॉडेल २०१५ सालचं. ८३ एक्स झूम, म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात २००० मिलिमीटर. वजन मात्र ९०० ग्रॅमच्या आतबाहेर. एवढ्या रीचची लेन्स मोठ्या कॅमेऱ्याला लावायची तर आधी कर्ज काढा आणि मग हमाल शोधा. (पुढे २०१८ ला पी१००० आला, १२५ एक्सवाला. तो जवळजवळ दीड किलोचा. बाबांच्या मानेचा विचार करून मी तिकडे वळलेच नाही.)

निघण्याआधी मी गृहपाठ केला होता बरं का! स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय: एका चार्जमध्ये साधारण ३६० फोटो. बाबा दिवसभरात फार तर दीडशे काढतील. म्हटलं, दोन दिवस आरामात! आणि प्रत्यक्षात? साडेसहाला होडीत बसलो, पावणेनऊला खेळ खल्लास. मोजले तर फोटो ८७.

घरी आल्यावर डोकं शांत करून हा ३६० चा आकडा येतो कुठून ते शोधलं. जपानमध्ये कॅमेरा कंपन्यांची ‘सीपा’ नावाची संघटना आहे. बॅटरी मोजायची त्यांची एक ठरलेली पद्धत आहे. खोलीचं तापमान २३ अंशांच्या आसपास. दर ३० सेकंदांनी एक फोटो. एका आड एक फोटोला फ्लॅश. प्रत्येक फोटोआधी झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत. दहा फोटो झाले की कॅमेरा बंद, मग पुन्हा सुरू. असं बॅटरी झोपेपर्यंत करत राहायचं.

आता गंमत बघा. ३६० फोटो गुणिले ३० सेकंद म्हणजे किती? १८० मिनिटं. तीन तास! म्हणजे कंपनी खोटं बोलत नाहीये. ती ‘३६० फोटो’ म्हणते, आपण ‘तीन तास चालू कॅमेरा’ असं वाचायला हवं. लग्नात, पिकनिकला आपण फोटो मोजतो. पक्ष्यांच्या मागे लागलं की मिनिटं मोजावी लागतात. खंड्या सूर मारेल म्हणून वीस मिनिटं स्क्रीनकडे बघत बसायचं आणि तो उडून भलतीकडेच जायचा. फोटो शून्य, बॅटरी मात्र खर्च. स्क्रीन जळतेय, सेन्सर जागा आहे, बटण अर्धं दाबून धरलंय म्हणून फोकसची मोटर पुढे-मागे करतेय, हात हलू नये म्हणून लेन्समधलं स्टॅबिलायझेशन राबतंय. २००० मिलिमीटरवर हात जरा थरथरला तरी पक्षी फ्रेमच्या बाहेर, त्यामुळे ते बंद करून चालत नाही.

आणि मुख्य गुन्हेगार कोण निघावं? अस्मादिक! कुठला पक्षी कुठे दिसला ते नकाशावर बघायला मजा येईल म्हणून मी हौसेनं जीपीएस चालू करून दिलं होतं, वर लॉगसुद्धा. ते लॉग चालू असेल तर कॅमेरा बंद केला तरी मागे काम सुरूच राहतं. म्हणजे पुणे ते भिगवण शंभरेक किलोमीटर, कॅमेरा बॅगेत आणि बॅटरी सोलापूर हायवे मोजतेय! मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे. मॅन्युअल मी वाचलं नव्हतं. पत्रकारितेची डिग्री आहे माझ्याकडे, बोला.

‘मग मोठा कॅमेरा घे ना’ हा सल्ला ऑफिसातल्या आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं दिला. मीही ईएमआयची गणितं मांडली, खोटं कशाला बोलू? पण बॅटरीसाठी मिररलेस घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. एकाच कंपनीची, जवळपास एकसारखी बॅटरी घेणारी दोन मॉडेलं बघा. निकॉनचा डी५०० हा २०१६ चा डीएसएलआर, पक्षीवाल्यांचा लाडका, २०२२ मध्ये उत्पादन थांबलं. सीपाचा आकडा १२४०. २०१८ चा मिररलेस झेड६ घ्या, तिथे व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तर ३१०. कारण सरळ आहे. डीएसएलआरमध्ये आपण आरशातून थेट पक्षी बघतो, त्याला वीज लागत नाही. मिररलेसमध्ये डोळ्यापुढे छोटा टीव्ही सतत चालू. तरी मिररलेसवाले एका बॅटरीत हजाराच्या वर फोटो आणतात, कारण ते धडाधड बर्स्ट मारतात आणि टेस्टमध्ये दर तीस सेकंदांनी एकच. आकडा एकच, पण तुम्ही कसे वागता त्यावर तो तिप्पट होतो किंवा अर्धा.

बर्स्टवरून आठवलं. पी९०० मध्ये सेकंदाला सात फोटो निघतात, ऐकायला झक्कास! पण सातच. मग कॅमेरा कार्डावर लिहीत बसतो आणि आपण त्याच्याकडे बघत. उडता रोहित, सूर मारणारी नदी सूरय वगैरे स्वप्नं असतील तर हा कॅमेरा घेऊ नका, स्वच्छ सांगते. बसलेला, चरणारा, डुलकी काढणारा पक्षी असेल तर मात्र सकाळच्या उन्हात चोचीवरचा थेंबसुद्धा दिसतो. बाबांना तेवढंच हवंय. काही होड्यांमध्ये ‘उडवा ना थवा, फोटो मस्त येतो’ अशी फर्माईश चालते. पहाटेपासून पोट भरत असलेल्या पाखरांना आपल्या प्रोफाइल पिक्चरसाठी का पळवायचं? आमचे नावाडीदादा त्याबाबतीत कडक होते, लांबूनच इंजिन बंद करायचे.

तर इलाज काय? जादा बॅटऱ्या. इथे मी दुसरी चूक केली. मूळ बॅटरी महाग वाटली म्हणून एका दुकानातून तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत ‘सेम टू सेम’ उचलली. मूळ बॅटरीवर १८५० मिलिअँपिअर-तास, हिच्यावर २२००. त्याच आकारात जास्त? तेव्हाच संशय यायला हवा होता. पंधरा दिवसांत तिचं पोट फुगलं आणि ती कॅमेऱ्यातून बाहेर यायलाच तयार नाही. बाबांनी पक्कड आणली, मी किंचाळले. फुगलेली लिथियम-आयन बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, ओढायची तर नाहीच नाही. शेवटी रिपेअरवाल्याकडे. वाचवलेले पैसे त्याला देऊन आले.

मग दोन ओरिजिनल घेतल्या आणि एक सुटा चार्जरही. हा चार्जर महत्त्वाचा आहे, कारण पी९०० बरोबर जे मिळतं ते कॅमेऱ्यातच बॅटरी ठेवून चार्ज करणारं. पूर्ण व्हायला तीन तासांच्या वर. तोवर कॅमेरा भिंतीला बांधलेला, मग दुसरी बॅटरी असून उपयोग काय? जीपीएस बंद, वाय-फाय बंद, स्क्रीनचा ब्राइटनेस एक पायरी खाली. आणि बाबांना एक सवय लावली: पक्षी गेला की कॅमेरा बंद करायचा नाही, हात नुसता खाली घ्यायचा. मिनिटभरात तो आपोआप स्टँडबायला जातो, बटण अर्धं दाबलं की जागा होतो. दरवेळी बंद-चालू केलं तर ती लांबलचक लेन्स आत-बाहेर करते, त्यातही वीज जाते आणि पक्षीही. भरलेल्या बॅटऱ्या उजव्या खिशात, संपलेल्या डाव्या. हे शेवटचं कलम आईचं, तिनं दोन रंगांचे कापडी बटवेच शिवून दिले. (विमानानं जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या हँडबॅगेत ठेवा, चेक-इनला चालत नाहीत. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको.)

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. तीच होडी, तेच दादा. त्यांनी बाबांना ओळखलं, ‘काका, आज चारजिंग करून आलाय ना?’ अख्ख्या होडीत मीच तेवढी हसले नाही. चित्रबलाक भेटले, पट्टकादंबांचा थवा लांब किनाऱ्यावर भेटला. नऊला पहिली बॅटरी गेली, बाबांनी एखाद्या सैनिकाच्या थाटात दुसरी भरली. तोवर ऊन चढलं होतं, पाण्यावरची हवा थरथरायला लागली होती आणि लांबचे फोटो पाण्यात भिजल्यासारखे मऊ यायला लागले. म्हणजे तिसऱ्या बॅटरीचं कामच नव्हतं.

परत फिरताना ऑस्प्रे दिसला. बाभळीवर नाही, डोक्यावरून, पंजात मासा घेऊन चाललेला. उडता पक्षी, म्हणजे या कॅमेऱ्याला न जमणारी गोष्ट! बाबांनी तरी सात फोटो मारले. सहांमध्ये नुसतं आकाश. सातव्यात एक पंख, अर्धं शेपूट आणि चिलापी अख्खी.

तोच सध्या त्यांचा व्हॉट्सअॅपचा डीपी आहे. नातेवाईक विचारतात, हा मासा उडतोय का? बाबा प्रत्येकाला फोन करून समजावतात. फोनचं चार्जिंग दुपारीच संपतं.