जिवंत पेशींतील दिवा

ज्याचें जीवन जाणून घ्यावयाचें त्यालाच प्रथम मारावयाचें, ही जीवशास्त्राची फार दिवसांची अडचण होती. पेशी बहुधा पारदर्शक. रंग चढविल्यावांचून सूक्ष्मदर्शकांत तिचें अंतरंग नीटसें दिसत नाहीं, आणि रंग चढविण्याच्या जुन्या रीतींत ती सहसा मरे. मग दिसे तें पेशीचें घर. त्यांतला संसार नव्हे.

या अडचणींतून वाट काढली ती फ्लुओरेसेंट द्रव्यांनीं. हीं द्रव्यें एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा परत देतात. आपल्या स्वयंपाकघरांतील हळदच घ्या. चिमूटभर हळद स्पिरिटांत कालवून, नोटा पारखण्याच्या जांभळ्या दिव्याखालीं अंधारांत धरिली, तर ती हिरवट-पिवळी उजळते. अमेरिकेंतील रॉजर त्सिएन (१९५२–२०१६) यांनीं १९८० च्या सुमारास असे रेणू रचिले कीं, कॅल्शियमशीं गांठ पडतांच त्यांचें तेज पालटावें. पुढें जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनापासून त्यांनीं नाना रंगांचीं प्रथिनें घडविलीं. या प्रथिनाच्या शोधाबद्दल व विकासाबद्दल त्यांना, ओसामु शिमोमुरा व मार्टिन चॅल्फी यांच्यासह, २००८ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हीच विद्या मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. अंकोना दत्ता यांनीं पुढें नेली. त्यांच्या कामाचा एक विषय आम्हां वैदर्भीयांस परका नाहीं. आमच्या वऱ्हाडाच्या पूर्वेस नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगेनीजच्या खाणी आहेत. हा धातु शरीरास अल्पांशानें हवाच; पण अति झाला म्हणजे मेंदूवर आघात करून कंपवातासारखीं लक्षणें उत्पन्न करितो. तो पेशींत कोठें जातो हें पाहूं जावें, तर तो स्वभावतःच अशा रेणूंचें तेज मालवितो! प्रा. दत्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ मध्यें, मँगेनीज भेटल्यावर उलट उजळणारे रेणू जिवंत पेशींत वापरून दाखविले. पेशींतील निरोप पोंचविण्यांत भाग घेणाऱ्या कांहीं मेदद्रव्यांसाठींही त्यांनीं २०१६ मध्यें असेंच साधन सिद्ध केलें.

अमरावती-अकोल्याच्या घरांतून मुलगी एम्. एस्सी. होऊन संशोधनाची गोष्ट काढूं लागली, कीं वडीलधारी मंडळी विचारतात, “आणखी पांच वर्षें शिकून एखादें औषध तरी निघणार काय?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं; घरचा खर्च आणि लग्नाची काळजी, दोन्ही त्यांत आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, औषधाच्या आधीं रोग दिसावा लागतो, आणि तो दिसावा म्हणून कोणीतरी साधन घडवावें लागतें. चष्मा करणाऱ्यास कोणी पंडित म्हणत नाहीं. पण त्याच्यावांचून आमच्या वयाच्या पंडितासही पोथी लागत नाहीं. तेव्हां मुलीनें वा सुनेनें प्रयोगशाळेची वाट धरण्याचें मनांत आणलें, तर तिला काय पाहावयाचें आहे तें एकदां घरांतील सर्वांनीं बसून ऐकावें. खर्चाचा व लग्नाचा विचार त्यानंतर करण्यास पुष्कळ वेळ आहे.