नाणेघाटाचा रांजण

सुट्टीत मुलांना नाणेघाट दाखवा. कोकण आणि जुन्नर जोडणारी ही दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनकालीन व्यापारी वाट. माथ्यावर भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेच्या लेखात यज्ञ आणि दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत.

पण तेवढे पाहून परतू नका. पुढे जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतले लेखही पाहा. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाचे पैसे ठेव म्हणून सोपवल्याची नोंद तिथे आहे. कारागिरांच्या हाती पैसा निर्धास्त ठेवला जाई! मी कारकून माणूस. मला रांजणापेक्षा हा हिशेब मोठा वाटतो. मुलांना तो जरूर सांगा.